आठवी-नववीच्या मुलांना तंबाखूचे धोके एका तासात कसे समजावून सांगावेत?

तुम्ही विचारलंय, शाळेत एक तास मिळालाय, कोणती चित्रं दाखवू, काय बोलू. चित्रं नेऊ नका, हे आधी सांगून टाकतो. सडलेल्या जबड्याचं चित्र पोरं रोज बघतात. २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग तेच चित्र खातंय. पोरं ते एकमेकांना दाखवून ‘हा तुझा मामा’ म्हणून हसतात. आणि फुप्फुस, सिगारेट, धूर हे तर बिलकूल नको. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातले ओढणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले आणि चघळणारे, घासणारे २४.४ टक्के. तरी प्रत्येक पोस्टरवर काळं फुप्फुसच का असतं, हे मला नोकरीभर कुणी सांगितलं नाही.

आमच्याकडे तर पाकीटच नसतं, खर्रा असतो. पुण्या-मुंबईकडच्यांसाठी सांगतो: सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीवर घेऊन पानठेलेवाला तुमच्यासमोर घोटतो आणि रबर लावून पुडी हातात देतो. त्या पन्नीवर ना चित्र, ना इशारा. २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी आली तेव्हा आमच्या गावात कुणाचंच काही अडलं नाही.

मी भंडारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या हायस्कूलमध्ये २७ वर्षं विज्ञान शिकवलं. त्यातली १९ वर्षं गालात खर्रा ठेवून. पचनसंस्था शिकवताना लाळेचं काम सांगायचो आणि मध्येच खिडकीशी जाऊन थुंकून यायचो. खिडकीखालची भिंत लाल होती. दिवाळीत चुना मारला की संक्रांतीपर्यंत पुन्हा लाल.

मधल्या सुट्टीत पुडी आणायला पोरगा पाठवायचो. तेव्हा सगळेच पाठवायचे, त्यात कुणाला काही वाटत नसे. २००६ साली आठवीत एक पोरगा होता. पायानं चपळ, हिशेबाला चोख, सुटे पैसे मोजून परत आणणारा. दोन वर्षं माझा खर्रा त्यानंच आणला. बाकीच्या पोरांना त्याचा हेवा वाटे, सरांचा माणूस म्हणून.

२०१७ मध्ये एका लग्नात तो पंगतीत माझ्या शेजारी बसला. पाया पडला, साकोलीजवळ कुठं तरी काम करून राहिलो म्हणाला. मग जेवण वाढलं. बघतो तर त्यानं बुंदीचा लाडू ताटातच चुरला आणि चिमटीनं आत ढकलू लागला. वांग्याच्या भाजीला हात लावला नाही. मी म्हटलं, ‘काहून रे, उपास आहे का?’ तर म्हणे, ‘सर, तोंड नाही खुलत. तिखट लावलं का आग होते.’ वय पंचवीसच्या आत. मी त्याला बोटं घालून बघ म्हटलं. पहिलं बोट गेलं, दुसरं अडलं.

मी विचारलं कधीपासून खातोस. तो हसला, म्हणजे जेवढं हसता येत होतं तेवढं. म्हणाला, ‘तुमच्यासाठी आणायला जायचो ना सर, तेव्हाच ठेलेवाला चिमूटभर माझ्या हातावर ठेवे. फेरीचा मेहनताना.’

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं.

त्याला मी नागपूरला दातांच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. तिथं कळलं ते विज्ञान शिक्षक असून मला नीट माहीत नव्हतं. हा आजार मुळात सुपारीचा. सुपारीनं गालाच्या आतली कातडी ताठ, पांढरट होत जाते, आत दोरखंडासारखे पट्टे धरतात आणि तोंड उघडणं कमी कमी होतं. सुपारी स्वतःच कर्करोग करते, तंबाखू घातली नसली तरी. झालेला ताठपणा पूर्ण जात नाही. खाणं सोडायचं, तोंडाचे व्यायाम करायचे, इंजेक्शनं घ्यायची, अगदीच बंद झालं तर शस्त्रक्रिया. आणि त्याच ताठ गालात पुढं गाठ होते का, यावर लक्ष ठेवायचं. ‘मी तर नुसती सुपारी खातो’ म्हणणारे माझे मेहुणे हे वाचत असतील तर त्यांनी मागच्या चार ओळी परत वाचाव्यात.

तर तुमच्या तासाचं. पोरांना पन्नाशीत काय होईल ते सांगू नका. चौदा वर्षांच्या पोराला पन्नाशी म्हणजे दुसऱ्याच कुणाचं वय. त्याला सांगा की विशीत पाणीपुरी तोंडात जाणार नाही, तर्री लावलेले पोहे खाता येणार नाहीत. मग सगळ्यांना आपापली तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, उभी धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये घालायला लावा. ज्याची जात नाहीत त्याच्याकडे वर्गात बघायचंही नाही. नंतर एकट्याला गाठा, घरच्यांशी बोला, दाताच्या डॉक्टरकडे पाठवा. वर्गात नाव घेतलंत तर तो उद्यापासून शाळेत येणार नाही, पण ठेल्यावर जाईल.

शपथ घ्यायला लावू नका. शपथेचा कार्यक्रम आमच्याकडे दरवर्षी होई. तंबाखूविरोधी दिन ३१ मेला, तेव्हा शाळेला उन्हाळ्याची सुट्टी, म्हणून जुलैत उरकायचा. शपथ सांगणारे आमचे हेडमास्तर. हात पुढे, गालात पुडी.

या हेडमास्तरांशी माझं जे वाजलं ते सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होत नाही. लग्नावरून परतल्यावर मी पुडी सोडली. तिसऱ्या खेपेला सुटली, पहिले चार दिवस घरच्यांचे हाल झाले. मग डोक्यात किडा शिरला. २००३ च्या कायद्यात शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायची नाही असं आहे, म्हणजे साधारण ९१ मीटर. अठराच्या आतल्याला तर कुठंच विकायची नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. हे फळ्यावर लिहिलं आणि नववीच्या वर्गाला म्हटलं, चला, मोजू या.

टेप क्रीडा विभागाची, लांब उडीची. कुंपणापासून ठेल्यापर्यंत मोजलं, यार्डाचे मीटर केले, तक्ता केला. अंतर ६३ मीटर. त्या दिवशी वर्गात जेवढी चर्चा झाली तेवढी माझ्या कुठल्याच तासाला झाली नव्हती. एका पोरीनं विचारलं, सर, मग तुम्ही कुठून आणायचे? मी सांगितलं, तिथूनच. पोरांना पाठवून. वर्ग एकदम गप्प झाला. तुमच्या एका तासात ही गप्प बसण्याची वेळ आणता आली तर बाकी काही नको.

हेडमास्तर भडकले. ठेला शाळा समितीतल्या एकाच्या भावाचा. ‘आपण शिकवायचं काम करावं, मोजणी भूमी अभिलेखवाल्यांची’ असं मला स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर ऐकवलं. तक्ता भिंतीवरून उतरवला. वर म्हणाले, तुमची टेपच चुकली असेल, ठेला लांब आहे. पुढच्या महिन्यात शाळेच्या फाटकावर ‘तंबाखूमुक्त शाळा’ असा पिवळा फलक लागला. फोटोत आम्ही सगळे आहोत.

आता राहिलेलं. मी डॉक्टर नाही, तीन बोटांवरून निदान होत नाही, जबड्याचं दुखणं वेगळंही असू शकतं. चित्रांनी कुणीच घाबरत नाही असंही नाही. माझी बायको घाबरली, पण ती खातच नव्हती. कुणाला सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी फुकट क्रमांक फळ्यावर लिहा, घरच्यांसाठीही. आणि तुम्ही स्वतः खात असाल तर तसं वर्गाला सांगा, नाहीतर तो तास दुसऱ्या कुणाला द्या.

तो पोरगा सोडूनच आहे. दोन बोटं जातात आता.

आणि हेडसर, तुम्ही निवृत्तीनंतर इथं पुष्कळ उत्तरं लिहिता, म्हणून हेही वाचाल. टेप तीस मीटरची होती. दोनदा पूर्ण टाकली आणि वर तीन मीटर. बेरीज पोरींनी केली होती, मी नाही.