उन्हाळा, कुत्रं आणि केस कापायची मशीन

मार्च संपत आला की कुत्र्यांचे प्रश्न यायला लागतात, आणि यावेळी तर निम्म्या लोकांनी एकच विचारलंय, केस काढू का. म्हणून तिथूनच घेतो.

"सर, आमचं घर पत्र्याचं आहे, दुपारी माणसालाच बसवत नाही. पॉमेरियन आहे, दिवसभर धापा टाकायलाय. शेजारचे म्हणायलेत मशीन मारून सगळे केस उतरवा, गार वाटेल. उतरवू का?" – एक ताई, परभणी

ताई, नका उतरवू. आपल्याला अंगभर घाम येतो म्हणून कपडे कमी केले की वारं लागून बरं वाटतं, कुत्र्याला तसा घाम येतच नाही, थोडाफार पंजाच्या तळव्यांना येतो, बाकी गरमी तो मुख्यतः धापा टाकूनच बाहेर काढतो. मग केस काढून मिळालं काय, तर ऊन थेट कातडीवर. पॉमेरियन, जर्मन शेफर्ड, लॅब, हस्की यांचे केस दुहेरी असतात, वर लांब राठ केस आणि खाली मऊ लोकर. वरच्या केसांनी ऊन अडतं. खालची लोकर उन्हाळ्याच्या तोंडावर गळते पण बाहेर न पडता तिथंच अडकते, गाठी होतात, आत हवा खेळत नाही, खरा उकाडा तिथं आहे. म्हणून रोज दहा मिनिटं तारेच्या ब्रशनं विंचरा, कानामागं आणि मांड्यांना जास्त, आधी बोटांनी गाठी सोडवून मग ब्रश. पोटाखालचे, शेपटीखालचे आणि पंजाच्या बोटांमधले केस थोडे कमी केले तर चालतात. पॉमेरियनचे तर मुळापासून काढले की काही वेळा महिनोन्महिने येतच नाहीत, चट्टे दिसतात, मशीनवाला पैसे घेऊन मोकळा आणि कुत्रं तसंच. शिह त्झूसारख्या सतत केस वाढणाऱ्या कुत्र्याचे कापू शकता, पण बोटाच्या पेराएवढे तरी ठेवा.

आता खरं बोलायचं तर तुमचा प्रश्न केसांचा नाहीच, पत्र्याचा आहे. पत्रा वरून तापतो आणि आग खाली सोडतो. वर चुना मारा, कडब्याच्या पेंढ्या टाका, ओलं गोणपाट टाका, जे जमेल ते. शेजारी कुणाचं जुनं माळवदाचं घर असेल तर दुपारपुरतं कुत्रं तिथं नेऊन बसवा, मातीच्या जाड धाब्याखाली जे वाटतं ते आपल्याला माहितीच आहे. नुसता पंखा लावून कुत्र्याला फार फरक पडत नाही कारण अंगावर घामच नाही, आधी पोट, काखा आणि पंजे ओले करा आणि मग पंखा लावा. कूलर असेल तर उत्तम, पण पत्र्याच्या कूलरला चिकटून झोपू देऊ नका, खाली पाणी सांडलेलं असतं आणि करंट उतरतो. माणसं जातात त्यानं, कुत्र्याचं काय.

"आमच्याकडं टँकर येतो तेव्हाच पाणी. कुत्र्याला आंघोळ किती वेळा घालावी?" – एक वाचक, गेवराई

महिन्यातून एकदा घातली तरी चालतंय. रोज विंचरून ओल्या फडक्यानं पुसलं तर वासही येत नाही. आपला साबण आणि कपड्याचा साबण दोन्ही नको, कातडी कोरडी पडते आणि खाजवून खाजवून जखमा होतात. कानात पाणी राहू देऊ नका. वाचलेलं पाणी पिण्यासाठी ठेवा, वीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला लिटर-सव्वा लिटर लागतं, आपल्या उन्हात त्याहून जास्त. स्टीलचं भांडं उन्हात तापतं, मातीची कुंडी सावलीत ठेवा.

"डॉक्टर साहेब, शेतातल्या आखाड्यावर कारवान जातीचा कुत्रा आहे, राखणीला बांधलेला असतो. परवा दुपारी तोंडाला फेस आला, झोकांड्या खाऊन पडला. आमच्या आबांनी नाकात कांद्याचा रस टाकला. वाचला पण आता काय काळजी घ्यावी?" – एक शेतकरी, अहमदपूर तालुका

दादा, वाचला हे नशीब. कारवान सडपातळ, केस बारीक, आपल्याच भागातलं कुत्रं, म्हणून त्याला ऊन लागत नाही असं लोक धरून चालतात. मोकळं असलं तर ते स्वतः लिंबाखाली जातं, ओली माती उकरून बसतं. साखळीला असलं तर सकाळी होती ती सावली दुपारी सरकून जाते आणि त्याला सरकता येत नाही. साखळी लांब ठेवा किंवा दुपारी सोडाच.

कुत्र्याचं नेहमीचं टेंपरेचर अडतीस ते एकोणचाळीस सेल्सिअसच्या आसपास असतं, एक्केचाळीसच्या वर गेलं की आतले अवयव बिघडायला लागतात. धापा थांबतच नाहीत, लाळ चिकट घट्ट झाली, हिरड्या लालभडक झाल्या, उलटी, झोकांड्या, यातलं काही दिसलं की थेट सावलीत घ्या आणि अंगावर साधं पाणी ओतत राहा, हौदातलं, बोअरचं, जे हाताशी असेल ते, पोटावर आणि मांड्यांच्या आतून जास्त, नाकातोंडात जाऊ देऊ नका. सोबत वारा घाला. ओलं पोतं पांघरून तसंच ठेवू नका, ते थोड्या वेळात गरम होऊन उलट ऊब धरतं. शुद्धीत असेल तर पाणी समोर ठेवा, बेशुद्ध असताना तोंडात ओतलं तर फुप्फुसात जातं. आपल्या तापाच्या गोळ्या अजिबात देऊ नका, या गरमीवर त्यांचा उपयोग नाही आणि कुत्र्याला त्या विषासारख्या. कांदाही कुत्र्याच्या रक्ताला वाईट, आबांना प्रेमानं सांगा.

आणि उठून बसला म्हणून घरी ठेवू नका. किडनी आणि रक्त गोठण्याचा त्रास एक-दोन दिवसांनी वर येतो. तुमच्याकडून उदगीरचं पशुवैद्यकीय कॉलेज लांब नाही, तिथं दाखवा, परवाचा प्रकार असला तरी दाखवाच.

"गोचीड लई झालेत. घासलेट लावावं का? गोठ्यातलं औषध आहे, ते चालेल का?" – एक वाचक, नांदेड

दोन्ही नाही. घासलेटनं कातडी भाजते आणि कुत्रं ते चाटतं. गोठ्यातल्या औषधाचं प्रमाण म्हशीच्या हिशोबानं असतं, अंदाजे पाणी घालून लावलं की कुत्रं थरथरायला लागतं. वजन करून डॉक्टरकडून गोळी किंवा मानेवर लावायचं औषध घ्या. पण लक्षात घ्या, कुत्र्याचा गोचीड अंगावरून उतरून भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत जाऊन हजारोंनी अंडी घालतो, म्हणून नुसतं कुत्रं साफ करून भागत नाही, फटी बुजवा, अंथरूण उन्हात टाका. कुत्रं जेवेना, हिरड्या पांढऱ्या पडल्या तर तो गोचिडाचा ताप असू शकतो, रक्त तपासून घ्या.

"ताक, कलिंगड, आंबा द्यावा का?" – एक काकू, जालना

काकू, बिनमिठाचं पातळ ताक थोडं चालतं, पचत नसलं तर बंद करा. मसाल्याचा मठ्ठा नको. कलिंगड बिया काढून. द्राक्षं आणि मनुके कधीच नको, किडनीवर जातात. आंब्याची फोड चालते, कोय मात्र लगेच उचलून टाका, गिळली की आतड्यात अडकते आणि मग ऑपरेशनच.