सौम्यता: जिथे आपला जोर चालतो तिथे

परदेशातल्या मराठी ख्रिस्ती घरांत सौम्यतेचा विषय निघाला की बहुधा एकच गोष्ट विचारली जाते. ऑफिसात कोणी टाकून बोललं, आपल्या कामाचं श्रेय दुसऱ्याने घेतलं, तर ख्रिस्ती माणसाने गप्प बसायचं का? गप्प बसायचं नाही, आणि का ते पुढे सांगतो. पण त्याहून मोठा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. दिवसभर बाहेर जे गिळलं, ते संध्याकाळी घरात कुणावर निघतं?

शास्त्रात ज्यांना सौम्य म्हटलं आहे ते दुबळे नाहीत. गणना 12:3 मध्ये मोशेला पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांपेक्षा नम्र म्हटलं आहे, आणि हाच मोशे फारोसमोर उभा राहून 'माझ्या लोकांना जाऊ दे' म्हणतो. त्याच अध्यायात सख्खी बहीण-भाऊ, मिर्याम आणि अहरोन, त्याच्याविरुद्ध बोलतात. तो स्वतःची बाजू मांडत बसत नाही, उलट मिर्यामेला कोड फुटल्यावर तिच्यासाठी देवाकडे रदबदली करतो. राजासमोर ताठ आणि बहिणीसमोर मऊ. आपल्याकडे बरोबर उलटं चालतं. साहेबासमोर मऊ आणि घरच्यांसमोर ताठ. सौम्यता आहे की नाही हे बघायचं असेल तर साहेबाच्या केबिनमध्ये बघू नका. तिथे गप्प बसायला भीतीही पुरते. ज्यांच्यावर आपला जोर चालतो त्यांच्याशी आपण कसे वागतो, तिथे बघा: मुलं, जोडीदार, गावाकडचा भाऊ, घर साफ करायला येणारी बाई, हाताखालचा नवखा सहकारी.

आधी ऑफिसचं. समजा, तुम्ही तयार केलेले आकडे मीटिंगमध्ये दुसऱ्याने स्वतःचे म्हणून मांडले. त्या तासात काहीही पाठवू नका. मेल लिहिल्याशिवाय चैन पडणार नसेल तर पत्त्याची जागा कोरी ठेवून लिहा, म्हणजे चुकून जाणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाचा आणि त्यात तीनच गोष्टी राहू द्या: काय झालं, मला काय हवं आहे, कधीपर्यंत. 'नेहमीच', 'मुद्दाम', 'सगळ्यांना माहीत आहे' हे शब्द खोडा, कारण समोरचा नेमके तेच धरून वाद घालतो आणि मूळ गोष्ट बाजूला पडते. मग मेल न पाठवता पंधरा मिनिटं मागून घ्या आणि समोरासमोर सांगा: "कालच्या सादरीकरणातले आकडे मी काढले होते. पुढच्या वेळी तो भाग मी मांडेन." एवढं बोलून थांबा. समोर शांतता पसरली की ती भरून काढायला आपण लगेच 'म्हणजे तसं काही नाही, पण...' सुरू करतो. तो मोह आवरा.

क्रम मत्तय 18:15-17 मध्ये दिलेलाच आहे. आधी दोघांत एकांती, मग एक-दोन जणांना सोबत घेऊन, मग मंडळीपुढे. ऑफिसात तो आधी ती व्यक्ती, मग मॅनेजर, मग एचआर असा होतो. दहा जणांना सीसी करून सुरुवात केली की समोरच्याला चूक मान्य करायला जागाच उरत नाही. आणि बाब पगार बुडवण्याची, वर्णावरून किंवा उच्चारावरून वारंवार हिणवण्याची असेल तर तारीख, वेळ, शब्द आणि हजर असलेल्यांची नावं त्याच दिवशी लिहून ठेवा आणि हक्काने तक्रार करा. पौलाने फिलिप्पैत बेकायदा फटके खाल्ल्यावर गुपचूप निघून जायला नकार दिला. अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन बाहेर न्यावं असं तो म्हणाला (प्रेषितांची कृत्ये 16:37). प्रभू येशूला प्रमुख याजकासमोर चपराक बसली तेव्हा त्याने उलट मारलं नाही, पण तो गप्पही राहिला नाही. माझं चुकलं असेल तर काय चुकलं ते दाखव, नसेल तर मला का मारतोस, असं त्याने त्या शिपायाला विचारलं (योहान 18:23).

या बाबतीत परदेशातल्या मराठी माणसाने पंडिता रमाबाईंची आठवण ठेवावी. त्या 1883 साली लहानग्या मुलीला, मनोरमेला, घेऊन इंग्लंडला गेल्या, वाँटेज गावातल्या मठाच्या सिस्टरांच्या आश्रयाने राहिल्या आणि तिथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. राहणं त्यांच्याकडे, खाणं त्यांच्याकडे, शिक्षणाची सोयही त्यांच्याच मदतीने. तरी मांसाहार करायला त्या तयार नव्हत्या, आणि जे स्वतःच्या विवेकाला पटलं नाही ते केवळ मोठ्यांनी सांगितलं म्हणून त्यांनी मान्य केलं नाही. त्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनना यात गर्व दिसे. रमाबाई पत्रांतून मुद्देसूद उत्तर देत, खाण्यापिण्यात तुम्हाला माझा गर्व शोधायचा तर खुशाल शोधा, असंही त्यांनी लिहिलं, आणि त्याच जेराल्डिनना त्या प्रेमाने 'आजीबाई' म्हणत. ही पत्रं पुढे जेराल्डिन यांनीच जपून संकलित केली. मतभेद सोडायचे नाहीत आणि माणूसही सोडायचं नाही, हे आश्रित म्हणून राहतानाही जमतं याचा हा पुरावा आहे.

आता घर. संध्याकाळी साडेपाच ते साडेसात हा वेळ सर्वांत कठीण: पाळणाघरातून मुलं आणायची, कुकर लावायचा, गृहपाठ, आणि डोक्यात अजून ऑफिस. कामावरून आल्यावर गाडी लावली की लगेच उतरू नका. दोन-तीन मिनिटं बसा, आज कुणाचा राग आहे त्याचं नाव प्रभूसमोर घ्या आणि तो त्याच्या हाती द्या. घरून काम करत असाल तर लॅपटॉप मिटल्यावर हेच करा, आणि नंतर पाच मिनिटं बाहेर चालून या. नाव न घेता 'शांती दे' अशी मोघम प्रार्थना केली तर राग तसाच आत येतो आणि चप्पल जागेवर न ठेवणाऱ्या पोरावर पडतो.

मुलांना स्वयंपाकघरातून ओरडून सांगू नका. लांबून बोललं की आवाज चढवावाच लागतो, आणि चढलेला आवाज रागाला आणखी वर खेचतो. जवळ जा, खाली बसा, मूल तुमच्याकडे बघेपर्यंत थांबा आणि एकदाच सांगा: काय करायचं, कधीपर्यंत, नाही केलं तर काय होईल. जे खरंच करणार नाही ते बोलू नका. 'आयपॅड फेकून देईन' ही धमकी मुलांना दुसऱ्या खेपेलाच पोकळ वाटते, आणि मग मोठं काहीतरी बोलावं लागतं. सौम्य आई-बाप नियम ढिले करत नाहीत. नियम आधी ठरवतात म्हणून त्यांना ऐनवेळी ओरडावं लागत नाही. इफिसकरांस पत्र 6:4 मध्ये बापांना मुलांना चिरडीस आणू नका असं सांगताना लगेच पुढे शिस्त आणि शिक्षण आलं आहे. दोन्ही एकाच वाक्यात आहेत.

आपल्याकडे मुलं सर्वांत जास्त चिरडीस येतात ती चारचौघांत दुरुस्त केल्यावर. पाहुण्यांसमोर त्याच्या मराठीची नक्कल करू नका, 'बघा कसं बोलतोय' म्हणू नका. 'मी गेली' म्हणणाऱ्या मुलाला लाज वाटली की तो मराठी बोलणंच सोडतो. आणि मारण्याबद्दल स्पष्ट सांगायचं तर हात उगारणं सौम्यतेत बसत नाहीच, अनेक देशांत कायद्यातही बसत नाही: स्वीडनमध्ये 1979 पासून, जर्मनीत 2000 पासून, न्यूझीलंडमध्ये 2007 पासून, स्कॉटलंडमध्ये 2020 आणि वेल्समध्ये 2022 पासून.

चुकून ओरडलातच, तर मुलाची माफी मागा, आणि ती नीट मागा. काय केलं ते नाव घेऊन सांगा, ते चूक होतं असं म्हणा आणि थांबा. "मी तुझ्यावर ओरडले. ते चुकलं. मला माफ कर." यापुढे 'पण तूसुद्धा...' आलं की माफीची शिक्षा होते. मुलाच्या चुकीबद्दल बोलायचं असेल तर जेवण झाल्यावर बोला. 'आई-बापाने माफी मागितली की धाक जातो' असं आजी-आजोबा म्हणतील. त्यांच्याशी वाद घालू नका, माफी मात्र मागा.

सौम्यता सगळ्यात जास्त कमी पडते ती गावाकडच्या भावंडांशी वागताना. एक जण न्यू जर्सीत, दुसरा नगरला आई-वडिलांपाशी. पैसे पाठवणाऱ्याच्या हातात सत्ता येते आणि ती त्याला दिसतही नाही. तुमच्याकडे रात्रीचे नऊ वाजलेले, जेवण झालेलं, निवांत. तिकडे सकाळचे साडेसहा किंवा साडेसात: पाणी भरायचं, आईला उठवून बसवायचं, साखर तपासायची, मुलांची शाळेची बस. त्या वेळी व्हिडिओ कॉल लावून 'ही गोळी का बंद केली? मी इथल्या डॉक्टरांना विचारलं' असं सुरू केलं, की वहिनीचा चेहरा उतरतो आणि भाऊ 'रेंज नाही' म्हणून फोन ठेवतो.

यावर काही ठाम उपाय आहेत. फोनची वेळ ज्याच्या अंगावर काम आहे त्याने ठरवावी, पैसे पाठवणाऱ्याने नाही. कोणताही सल्ला देण्याआधी तीन प्रश्न विचारा: रात्री झोप झाली का, सध्या सगळ्यात जड काय जातंय, मी काय केलं तर तुझं काम कमी होईल. तिसऱ्याचं उत्तर ऐकल्यावर बहुतेक वेळा सल्ला द्यायची गरजच उरत नाही. दुपारच्या चार तासांसाठी बाई ठेवायची असते, किंवा दोन दिवस सुट्टी हवी असते. पैसे ठरलेल्या तारखेला जावेत, महिन्याची एक रक्कम, आणि तिच्यासोबत सूचना जाऊ नयेत. खर्चाचा हिशेब घराच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मागू नका. शंका असेल तर एकट्याला फोन करा, तेही दुसऱ्या कारणासाठी केलेल्या फोनच्या शेवटी नाही, वेगळा. दवाखान्यातला निर्णय तातडीचा असेल तर जो खाटेपाशी उभा आहे त्याचा शब्द शेवटचा, हे आजारपण येण्याआधीच बोलून ठेवा. सुट्टीत घरी गेल्यावर पहिले चार दिवस काहीही बदलू नका: ना स्वयंपाकघराची मांडणी, ना आईचं पथ्य. त्या दिवसांत फक्त ड्यूटी घ्या, विशेषतः रात्रीची. वडिलोपार्जित घराचा आणि जमिनीचा विषय फोनवर मुळीच काढू नका. समोर बसून, दिवसा, जोडीदारांसकट बोला आणि ठरलेलं दोन ओळींत लिहून सगळ्यांना द्या.

सौम्यतेसारखं दिसणारं पण तिचं नसलेलं बरंच काही आपल्या घरांत चालतं. अबोला हा त्यातला पहिला. चार दिवस बोलायचं नाही आणि विचारलं तर 'कुठे काय, मी तर शांत आहे'. दुसरं, 'असू दे, माझं काय, मी सोसते' हा सूर, ज्याने समोरच्याला रोज थोडं थोडं दोषी ठरवलं जातं. तिसरं म्हणजे कुणाला उद्देशून व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला वचन टाकणं. मंडळीतल्या एखाद्याशी भांडण झालं, नाताळच्या जेवणावरून किंवा उपासनेत कुणी गायचं यावरून, तर फोन करा. वचनाचा दगड करून मारू नका. राग आहे हे सांगणं सौम्यतेच्या आड येत नाही. "मला वाईट वाटलं, आज बोलायला जमणार नाही, उद्या संध्याकाळी बोलू" हे वाक्य अबोल्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे, आणि त्यात बोलण्याची वेळही ठरलेली आहे.

एक गोष्ट अगदी स्पष्ट असू द्या. नवरा किंवा बायको मारत असेल, पासपोर्ट किंवा पैसे काढून घेत असेल, घराबाहेर पडू देत नसेल, तर ते सहन करणं ही सौम्यता नाही, आणि कुणा पाळकाने किंवा नातेवाईकाने वचन दाखवून तसं सांगितलं तरी ऐकू नका. पासपोर्ट, व्हिसाची कागदपत्रं आणि मुलांचे जन्मदाखले यांचे फोटो विश्वासातल्या एकाकडे पाठवून ठेवा, शक्य असेल तर स्वतःच्या नावाचं खातं उघडा. धोका असेल तर अमेरिका-कॅनडात 911, ब्रिटनमध्ये 999, युरोपीय संघातल्या देशांत 112, ऑस्ट्रेलियात 000, न्यूझीलंडमध्ये 111. व्हिसा जोडीदारावर अवलंबून आहे म्हणून अडकून राहू नका. अशा व्यक्तींसाठी काही देशांत वेगळी तरतूद असते, ती वकिलाला किंवा मदत केंद्राला विचारा. माफी द्यायची की नाही हा विचार सुरक्षित जागी पोचल्यावर.

रोजच्या सरावासाठी रात्रीचं आत्मपरीक्षण पुरेसं आहे. संत इग्नेशियस लोयोला यांनी शिकवलेली ही पद्धत कॅथलिक घरांत ओळखीची आहे, आणि प्रोटेस्टंट घरांत कौटुंबिक प्रार्थनेनंतर ती सहज बसते. दहा मिनिटं. आधी दिवसाबद्दल आभार. मग सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस आठवत जा आणि एकच बघा: आज कुणावर माझा जोर चालत होता, आणि तो मी कसा वापरला? एक-दोन प्रसंग वहीत एका ओळीत लिहा, नावासकट. जिथे चुकलं तिथे क्षमा मागा आणि उद्या त्या माणसाशी काय करायचं ते ठरवा, कधी ते वेळेसह: 'सकाळी डबा भरताना सोहमला सांगेन', 'दुपारी भावाला मेसेज'. वेळ न ठरवलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी राहून जाते. महिनाभर लिहिल्यावर तेच नाव आणि तीच वेळ पुन्हा पुन्हा दिसू लागते. बऱ्याचदा भूक, अपुरी झोप किंवा आठवड्यातला एक ठरावीक फोन हे त्याचं साधं कारण निघतं, आणि ते कारण बदलता येतं. नवरा-बायको दोघं हे करत असतील तर प्रत्येकाने आपलीच वही वाचावी. दुसऱ्याच्या यादीत राहून गेलेले प्रसंग त्याला आठवून देऊ नयेत.