ऐन उन्हात फुलणारी बाग: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: उन्हाळा सुरू होताना रोपवाटिकेतून पेटुनियाची आणि झेंडूची फुलांनी लगडलेली रोपं आणली. जेमतेम तीन आठवडे बाग छान दिसली. मग पेटुनियाच्या नुसत्या काड्या उरल्या आणि झेंडूची पानं राखट झाली. खतपाणी वेळेवर चालू होतं. उन्हाळाभर रंग हवा असेल तर काय लावावं?

उत्तर: पेटुनियाच्या बाबतीत खतपाण्याचा दोष नाही, निवडीचा आहे. पेटुनिया, पॅन्सी, फ्लॉक्स ही थंड हवेतली मंडळी. उन्हाळ्याच्या तोंडावर ती सर्वांत देखणी दिसतात, कारण तेव्हा त्यांचा बहर शिगेला पोचलेला असतो. म्हणजे तुम्ही विकत घेता तो हंगामाचा शेवट.

झेंडूची गोष्ट वेगळी. राखट पानं ही बहुतेक वेळा लाल कोळ्याची, म्हणजे पानांतला रस शोषणाऱ्या एका अगदी बारीक जिवाची, खूण असते. पान पांढऱ्या कागदावर झटका. मिरपुडीएवढे ठिपके हलताना दिसले तर खात्री पटेल. कोरड्या, तापलेल्या हवेत कोळ्याची पिढी साधारण आठवड्याभरात तयार होते, म्हणून एक-दोन पानांवरचा डाग बघता बघता झाडभर पसरतो. पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा दर दोन-तीन दिवसांनी, असे किमान दोन आठवडे मारा. फवारा सकाळी मारा, म्हणजे पानं लवकर वाळतात. कोळी हा कीटक नाही, त्यामुळे साधी कीटकनाशकं त्याच्यावर फारशी चालत नाहीत; उलट त्याला खाणारे उपयोगी किडे मात्र मरतात.

आता काय लावायचं ते. ज्यांना ऊन मानवतं अशी खात्रीची नावं: सदाफुली, झिनिया, गोंफ्रेना (बटनफूल), कोंबडा, ऑफिस टाइम, गलांडा आणि पिवळा-केशरी कॉसमॉस. मागे उंच झुडूप हवं असेल तर टिथोनिया; ते दीड-दोन मीटर जातं, जागा तेवढी ठेवा. पहिल्यांदाच बाग करत असाल तर सदाफुली आणि गोंफ्रेना या दोघांवर भिस्त ठेवा. बाकीची हौस नंतर.

रोप घेताना फुलं पाहून भुलू नका. बुटकं, तीन-चार फांद्या फुटलेलं, कळी न धरलेलं रोप सगळ्यांत चांगलं. पिशवी जरा सरकवून मुळं बघा: पांढरी, मातीला धरून असलेली हवीत. तपकिरी मुळांचा गोल वेटोळा झाला असेल तर ते रोप घेऊ नका. कोंबड्याच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं. छोट्या पिशवीत अडकलेला कोंबडा घाबरून बोटभर उंचीवरच तुरा काढतो आणि नंतर मोठ्या कुंडीत लावला तरी धड वाढत नाही. घरी आणलेल्या रोपाला फुलं असतीलच, तर लावताना सगळी खुडा. जिवावर येतं, पण त्या आठवड्यात झाडाने मुळं करायची असतात, फुलं नव्हे. लावणी संध्याकाळी करा आणि पहिले तीन-चार दिवस दुपारच्या उन्हात आडोसा द्या.

प्रश्न: झिनियाचं बी टाकलं, छान उगवलं, महिनाभर फुललं आणि मग झाडं खालून वाळत गेली. पानांवर पांढरी पूडही दिसते. झिनिया एवढ्याच दिवसांचा असतो का?

उत्तर: नाही, नीट राखला तर तो दोन-अडीच महिने सहज फुलतो. मुळात ही हंगामी झाडं बी धरण्यासाठी फुलतात. बी तयार झालं की झाडाच्या लेखी काम संपलं. बी धरू दिलं नाही तर ते पुन्हा प्रयत्न करतं, आणि तुम्हाला हवा असलेला रंग या पुन्हा-पुन्हाच्या प्रयत्नातून येतो.

म्हणून पहिल्यापासून असं करा. बी जागेवरच पेरा, कारण झिनियाला मुळं हलवलेली आवडत नाहीत. उंच जातीसाठी 25 ते 30 सेंटिमीटरवर, बुटक्या जातीसाठी 15 ते 20 सेंटिमीटरवर दोन-दोन बिया अर्धा ते एक सेंटिमीटर खोल टाका. माती उबदार असेल तर चार ते सात दिवसांत कोंब दिसतो. नंतर प्रत्येक ठिकाणी एकच जोमदार रोप ठेवा. दुसरं उपटू नका, कात्रीने जमिनीलगत कापा, म्हणजे शेजारच्याची मुळं दुखावत नाहीत. रोप वीतभर झालं आणि पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा खुडा. पहिलं फूल आठ-दहा दिवस उशिरा येईल, पण एका दांड्याऐवजी चार फांद्या मिळतील.

फूल कोमेजलं की नुसतं डोकं तोडू नका. खाली पानांची जोडी दिसेल, तिच्या जरा वर कापा. त्या पानांच्या बगलेतूनच पुढच्या दोन फांद्या फुटतात. नुसतं डोकं तोडलं तर वर रिकामा दांडा राहतो आणि झाड भकास दिसतं. फुलदाणीसाठी कापायचं असेल तर आधी फुलाच्या वीतभर खाली दांडा धरून हलवा. मान लुळी हलली तर फूल अजून कच्चं आहे, पाण्यात टिकणार नाही.

पांढरी पूड म्हणजे भुरी, हा बुरशीचा रोग. झाडं दाटीवाटीने लावली, वारा खेळता राहिला नाही, की ती येते. खालची पानं आधी धरतात. ती काढून पिशवीत भरून टाका, खतात टाकू नका. पाणी सकाळी आणि बुंध्याशी द्या. तरीही दर वर्षी भुरी येत असेल तर बारीक पानांचा, पसरट वाढणारा झिनिया लावा. त्याची फुलं लहान असतात, पण तो या रोगाला क्वचितच बळी पडतो.

याहून सोपा उपाय म्हणजे एकदम सगळं बी न टाकता तीन-तीन आठवड्यांनी तीन हप्त्यांत पेरणं. पहिली झाडं थकतात तेव्हा दुसरी भरात असतात. घरचं बी ठेवणार असाल तर एवढं लक्षात घ्या की संकरित दुहेरी फुलाचं बी मूळ रूपाला धरून राहत नाही. त्यातून बरीच एकेरी फुलं निघतात.

प्रश्न: कॉसमॉस माझ्या खांद्यापर्यंत वाढला, फूल मात्र एकही नाही.

उत्तर: दोनपैकी एक कारण. माती फार सकस असेल, भरपूर शेणखत किंवा नत्राचं खत दिलं असेल, तर कॉसमॉस पानांतच रमतो. खत बंद करा, पाण्यात अंतर वाढवा आणि वरचा तिसरा हिस्सा कापून टाका. दुसरं कारण जातीचं. गुलाबी-पांढऱ्या फुलांचा कॉसमॉस दिवस लहान होऊ लागले की जास्त उत्साहाने फुलतो. लांब दिवसांत तो कळ्या धरायला वेळ घेतो. उन्हाळ्यासाठी पिवळा-केशरी कॉसमॉस निवडा. तो हलक्या मातीत पेरणीनंतर साधारण दोन महिन्यांच्या आत फुलतो आणि खाली पडलेल्या बियांतून स्वतःच पुन्हा उगवतो. इतका, की नंतर उपटावा लागतो.

प्रश्न: सदाफुलीला पाणी कमी पडत नाही, कुंडीतली माती ओली असते, तरी भर दुपारी झाड मान टाकतं आणि एक-एक फांदी काळी पडते. अजून पाणी द्यावं का?

उत्तर: अजिबात नको. माती ओली आणि झाड सुकलेलं, म्हणजे मुळं कुजत आहेत. दुपारी मान टाकलेली दिसली की हात झारीकडे जातो, आणि उरलंसुरलं मूळही त्यातच जातं. सदाफुलीला उकाडा सोसतो, ओले पाय सोसत नाहीत.

बोट मातीत खुपसा. वरची तीन सेंटिमीटर कोरडी लागली तरच पाणी द्या, पण मग तळाच्या भोकातून निघेपर्यंत द्या. खालच्या ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाका. रोप पिशवीत जेवढं खोल होतं तेवढंच लावा, बुंध्याला मातीची भर घालू नका. पालापाचोळ्याचं आच्छादनही बुंध्यापासून चार बोटं लांब ठेवा. कुंडीसाठी दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं खत आणि एक भाग जाड वाळू हे मिश्रण चालतं. 12 इंची कुंडीत तीन रोपं पुरेत. काळं पडलेलं झाड मुळासकट काढा आणि त्याच मातीत पुन्हा सदाफुली लावू नका.

बियांपासून करायची असेल तर बी मातीने नीट झाका. तिला उगवायला अंधार लागतो. उघड्यावर टाकलेलं बी उगवलं नाही म्हणून बरेच जण बियाण्याला दोष देतात. लावल्यावर मात्र सुकी फुलं काढायचं काम नाही, ती आपोआप गळतात. झाडाचे सगळे भाग विषारी आहेत, तेव्हा लहान मूल किंवा पाळीव जनावर कुरतडणार नाही अशा जागी ठेवा.

प्रश्न: ऑफिस टाइमची फुलं संध्याकाळी घरी येईपर्यंत मिटलेली असतात. काही उपाय?

उत्तर: नाही. ती कडक उन्हात उघडतात, एकच दिवस जगतात आणि ढगाळ हवेत उघडतही नाहीत. संध्याकाळी फुलं बघायची असतील तर गुलबक्षी लावा. ती दिवस कलल्यावर उमलते. ऑफिस टाइम सुट्टीच्या दिवसासाठी राहू द्या.

प्रश्न: गच्चीच्या एका कोपऱ्यात जेमतेम दोन-तीन तास ऊन येतं. तिथे रंग कसा आणावा?

उत्तर: फुलांकडून फार अपेक्षा ठेवू नका, रंग पानांकडून घ्या. कोलियसच्या फांद्या पाण्यातसुद्धा मुळं धरतात. त्याचा फुलाचा तुरा दिसताच खुडा, नाहीतर पानं लहान होत जातात. कॅलेडियमचे कंद चार-पाच सेंटिमीटर खोल लावा, पण माती उबदार झाल्यावरच. थंड, ओल्या मातीत ते सडतात. फूल हवंच असेल तर टोरेनिया. तिचं बी धुळीसारखं बारीक आणि उगवायला उजेड मागणारं, म्हणून वरून झाकू नका, फक्त दाबा. तेरडाही चालेल, पण त्याचा बहर आखूड असतो.

प्रश्न: ऐन उन्हाळ्यात दहा दिवस गावाला जायचं आहे. परत येईपर्यंत काय फुललेलं राहील?

उत्तर: गोंफ्रेना. त्याचा रंग पाकळ्यांचा नसून कागदासारख्या कोरड्या छदांचा (फुलालगतच्या पानवजा भागांचा) असतो. खरी फुलं म्हणजे त्यांच्या मधून डोकावणारे बारीक ठिपके. त्यामुळे एकेक बोंड कित्येक आठवडे रंग धरून राहतं. बी रात्रभर भिजवून पेरा, दहा ते चौदा दिवसांत उगवतं.

बाकीच्या झाडांवरची पूर्ण उमललेली आणि अर्धी उमललेली फुलंसुद्धा निघायच्या आदल्या दिवशी कापा. कळ्या ठेवा. कुंड्या भिंतीच्या सावलीत एकमेकींना चिकटवून मांडा, वर पाच सेंटिमीटर पालापाचोळा पसरा आणि एक दिवसाआड कुणाला तरी पाणी घालायला सांगा. सांगताना सदाफुलीची कुंडी वेगळी दाखवा, नाहीतर काळजीपोटी तिलाच सर्वांत जास्त पाणी मिळेल.