छोट्या शहरात आधी काय करावं: जलवाहिनी की रस्ता?

आधी जलवाहिनी, मग रस्ता. पण तुम्ही विचारलंय की हे सगळ्यांना ठाऊक असूनही नवा रस्ता वर्षभरात का खोदला जातो. मुख्य कारण पैसा येण्याच्या वेगवेगळ्या वाटा. पाण्याचा निधी बहुतेकदा केंद्राच्या अमृत योजनेतून, रस्त्याचा राज्याच्या नगरोत्थानसारख्या योजनेतून. मंजुऱ्या वेगळ्या, ठेकेदार वेगळे. ज्याचा निधी आधी आला, त्याचं काम आधी सुरू होतं.

मोठी वाहिनी टाकली म्हणजे झालं, असंही नाही. खरी खोदाई नंतरच्या नळजोडण्यांसाठी होते. म्हणून रस्ता करण्यापूर्वीच प्रत्येक घराच्या आणि मोकळ्या प्लॉटच्याही हद्दीपर्यंत जोडणी काढून ठेवावी. वाहिनीची दाबचाचणी, म्हणजे दाबाने पाणी भरून गळती आहे का ते पाहणं, चर बुजवण्याआधी घ्यावी. चर थराथराने, पाणी मारून आणि धुम्मस करून (ठोकून घट्ट करून) भरावा. इथे घाई केली की पहिल्याच पावसाळ्यात रस्ता खचतो, आणि मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो, कारण हे टाळणं अजिबात अवघड नाही.

वाहिन्या साधारण ३० वर्षांचा विचार करून आखतात, त्यामुळे भविष्यातली वस्तीही धरा. कराडजवळच्या मलकापूरने मीटर लावून चोवीस तास पाणी दिलं, म्हणजे पाण्याची नीट आखणी लहान गावालाही झेपते.

तुमच्या नगरपरिषदेत रस्त्याची निविदा निघण्याआधी एकच विचारा: या रस्त्याखालच्या वाहिनीची दाबचाचणी झाली का? अहवाल लेखी मागा.