मेव्हण्याचं वर्कशॉप आणि पायथनचा क्लास

नमस्कार, पत्र वाचलं. मुलगा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला, 7.1 सीजीपीए, ऑटोमेशनमध्ये मशीन डिझाइन करायचं म्हणतो आणि तुम्ही त्याला न विचारता पायथनच्या क्लासची फी भरून मोकळे. मार्कांचं सोडा हो, 7.1 ने काही अडत नाही. मला खटकलं ते 'सुट्टी पडली की भोसरीला मेव्हण्याच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसतो, हात काळे करून येतो' हे वाक्य. तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय! अहो, फिक्स्चर (पार्ट ठरल्या जागी पक्का धरून ठेवणारं साधन) बनवतात तिथे पोरगा स्वतःहून जातो, कुणी पाठवत नाही, आणि तुम्हाला त्यात नुसती मेव्हण्याची संगत दिसते. तुमचं आणि त्यांचं काय बिनसलंय ते तुम्ही बघा, पण तो हिशोब पोराच्या करिअरमध्ये चुकता करू नका, स्पष्टच सांगतो.

आता तुमचं 'रोबोटिक्स म्हणजे शेवटी कोडिंगच'. कारखान्यातला सहा अ‍ॅक्सिसचा रोबोट फनुक, कुका, एबीबी, यास्कावा असल्या कंपन्यांकडून तयार येतो, पण येतो तेव्हा त्याच्या मनगटाला नुसता फ्लँज, म्हणजे बोल्ट लावायची चकती असते, पुढे काहीच नाही. जॉब (म्हणजे ज्यावर काम करायचं तो पार्ट) पकडणारा ग्रिपर, जॉब बसवायचं फिक्स्चर, खालचा स्टँड, हे सगळं त्या त्या जॉबप्रमाणे कुणीतरी डिझाइन करावं लागतं आणि ते काम मेकॅनिकलवाल्याचं. समजा रोबोटचा पेलोड, म्हणजे वजन पेलायची क्षमता, 10 किलो आणि जॉब 6 किलोचा, तर ग्रिपर, सिलिंडर, ब्रॅकेट सगळं मिळून 4 किलोत बसवायचं, त्यात वजन फ्लँजपासून जितकं लांब जाईल तितकं रोबोटला कमी पेलतं, आणि मधेच हवेचं प्रेशर गेलं तरी जॉब खाली पडता कामा नये. यातलं काय पायथनने सुटणार? पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) आणि रोबोटचा प्रोग्रॅम लिहिणारे असतात, त्यांचंही काम अवघडच, पण ते वेगळं काम.

पगार सुरुवातीला आयटीपेक्षा कमीच, आणि एसपीएम (एखाद्या कामासाठी खास बनवलेलं मशीन) बनवणाऱ्या छोट्या कंपनीत डिस्पॅच जवळ आला की रात्रीही थांबावं लागतं. हे मामाकडे त्याने बघितलं असेलच. गेटची परीक्षा, परदेशात एमएस वगैरे पुढचं पुढे. आणि हो, पायथनच्या जागी सॉलिडवर्क्सचा (कॉम्प्युटरवर थ्रीडी डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) क्लास लावून देऊ नका लगेच, त्याने कुणी डिझायनर होत नाही. स्क्रीनवर मॉडेल झकास दिसतं पण बोल्टपर्यंत अ‍ॅलन की पोचत नाही आणि असेंब्लीवाला शिव्या घालतो, हे वर्कशॉपमध्येच कळतं.

आज घरी त्याला एवढंच विचारा, फिक्स्चरमध्ये जॉब दोन पिनांवर बसतो तेव्हा बरेचदा एक पिन गोल आणि दुसरी डायमंड (दोन बाजूंनी तासलेली) का ठेवतात? (दोन्ही गोल ठेवल्या तर होलच्या अंतरात जरा फरक पडला की जॉब अडकतो, बसतच नाही.) हे त्याने सांगितलं तर क्लासवाल्याकडून फी परत मिळते का बघा. आणि पुढचं पत्र त्याला लिहू द्या. ड्रॉइंग कितपत वाचता येतं, टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) कसा ठरवतो, हे मला त्यालाच विचारायचंय.