उत्तर: फायलींवर कुलूप आलंय आणि दुकानदार फॉरमॅट मारू म्हणतोय

ताई, आधी थांबा. मशीन अजून दुकानात दिलं नसेल तर देऊ नका, आणि दिलं असेल तर आत्ताच्या आत्ता फोन करून सांगा की काही करू नका, मी येऊन घेऊन जाते. मग पुढचं वाचा.

तुमचं लिहिलेलं मी दोनदा वाचलं. सासूबाईंनी सांगितलेल्या जात्यावरच्या ओव्या तुम्ही टाइप करून ठेवल्यात, 23 वर्ड फायली. घरच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड आठवेना म्हणून ओळखीच्या मुलाने पेन ड्राइव्ह लावून पासवर्डच काढून टाकला. विंडोज छान चालू झालं, पण त्या एका फोल्डरातल्या फायली उघडायला गेलं की 'ॲक्सेस डिनाइड', आयकॉनच्या कोपऱ्यात बारीक कुलूप, बाकीचे फोटो न् गाणी व्यवस्थित. आणि दुकानदार म्हणतोय 800 रुपये द्या, फॉरमॅट मारतो, म्हणजे विंडोज असलेला सी ड्राइव्ह पुसून विंडोज नव्याने टाकतो, डेटा डी ड्राइव्हला आहे त्याला हात लावत नाही.

हे शेवटचं वाक्य वाचलं आणि अंगावर काटा आला राव. शब्दन् शब्द मी ऐकलेलं वाक्य आहे ते.

मी आयटीवाला नाही, आधीच सांगतो. कराडला डीटीपीची कामं करतो, लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, दिवाळीत एखादा अंक. त्यामुळे माझं ऐकून काही बिघडलं तर मला धरू नका, पण या एका बाबतीत मी इतकी फी भरलीय की बोलायचा हक्क आहे असं वाटतं.

2010 ते 2012 मी बाबांच्या आठवणी टाइप करत होतो. बाबा कोयना प्रकल्पावर क्लार्क होते. ते रात्री जेवण झाल्यावर सांगायचे आणि मी श्रीलिपीत टाइप करायचो, असं करत करत 140 पानं झाली. त्यातली 19 पानं नुसती 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेची, भूकंपाची. क्वार्टरची भिंत कशी आत आली, थंडीत सगळे रस्त्यावर पांघरुणं घेऊन कसे बसले, कुणाचं ट्रान्झिस्टर होतं, चहा कुणी केला. तेव्हा भाचा सुट्टीला यायचा आणि गेम खेळता खेळता काहीही डिलीट करायचा, म्हणून मी शहाणपणा केला. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, तिथं 'एन्क्रिप्ट कंटेंट्स टू सिक्युअर डेटा', म्हणजे फायली कुलूपबंद करा, असं लिहिलेलं, टिक केलं. विंडोज 7 होतं, फायलींची नावं हिरवी झाली आणि मला वाटलं वा, काय सोय आहे, पासवर्ड पण विचारत नाही.

खाली कोपऱ्यात एक फुगा आला होता, की तुमच्या एन्क्रिप्शन कीचा बॅकअप घ्या. क्लिक केल्यावर तीन पर्याय, आत्ता घ्या, नंतर घ्या, कधीच घेऊ नका. मी 'कधीच नको' दाबलं. का? कारण तो फुगा परत परत येऊन त्रास देईल म्हणून. बस, एवढंच कारण. पत्रिकेची घाई होती.

2014 ला मशीन फार हळू चालायला लागलं. सर्व्हिसवाल्याकडे टाकलं. नाव घेत नाही, गावात राहायचंय. काउंटरवरच्या पोराने वर न बघता सांगितलं, काका सी फॉरमॅट करतो, डी ला हात लावत नाही. आणि खरंच लावला नाही. संध्याकाळी मशीन घरी आलं, डी ड्राइव्ह उघडून बघितला, सगळी फोल्डरं जागेवर, बाबांचं पण, नावं हिरवी. मी खूश. एक फाइल सुद्धा उघडून बघितली नाही मी! दोन महिने त्याच मशीनवर पत्रिका मारत बसलो. श्रावणात बाबा म्हणाले वाचून दाखव जरा, तेव्हा डबल क्लिक केलं आणि तुम्हाला आला तोच मेसेज.

आता यातली मेख सांगतो, कारण ती मला कुणीही सांगितली नव्हती. हे कुलूप वर्डचं नसतं, ते विंडोजचं असतं, त्याला ईएफएस म्हणतात. फाइल असते डी वर, पण किल्ली असते सी वर, तुमच्या युजरच्या प्रोफाइलमध्ये, ॲपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरात. आणि ती किल्ली परत तुमच्या लॉगिनच्या पासवर्डाने बंद केलेली असते. म्हणजे सी फॉरमॅट केला की तिजोरी शाबूत आणि किल्ली भट्टीत. तेच युजरनेम, तोच पासवर्ड ठेवून नवीन विंडोज टाकलं तरी उपयोग नाही, विंडोजच्या लेखी तो वेगळा माणूस. हे दुकानदाराला माहीत नसतं, कारण शंभरातल्या नव्व्याण्णव गिऱ्हाइकांनी ती टिक कधी केलेलीच नसते.

मी परत गेलो तर तोच पोरगा म्हणाला, काका फायली दिसतायत ना? म्हटलं दिसतायत, उघडत नाहीत. मग त्याने ओनरशिप बदलली, परमिशन दिल्या, फुल कंट्रोल दिला, एक तास काहीतरी करत होता आणि त्याचे 300 रुपये घेतले. काही झालं नाही, होणारच नव्हतं, कारण परमिशन हा दाराचा कडीकोयंडा झाला, ईएफएसमध्ये आतला कागदच वेगळ्या भाषेत लिहिलेला असतो. मालकाकडे तक्रार केली तर म्हणे आम्ही डी ला हात लावला नाही, बिलावर लिहून देतो. दिलं पण लिहून! ते बिल अजून ड्रॉवरमध्ये आहे. मग पुण्यात एका डेटा रिकव्हरीवाल्याकडे डिस्क नेली, त्याने निदान खरं सांगितलं, की फॉरमॅट झाल्या झाल्या मशीन बंद करून आणलं असतं तर सी वरून जुन्या किल्लीचे तुकडे शोधता आले असते, आता दोन महिने वापरून तुम्ही त्यावर शंभर गोष्टी लिहिल्यात.

बाबांना परत सांगा म्हटलं. सांगितलं त्यांनी. दुसऱ्यांदा भूकंप दीड पानात संपला. ट्रान्झिस्टर कुणाचं होतं ते त्यांना आठवेना.

असो. तुमच्याकडे या. तुमचं माझ्यापेक्षा बरं आहे, कारण तुमचा सी अजून जिवंत आहे. मला जे दिसतंय ते असं, की किल्ली मशीनमध्येच पडलीय, फक्त ती जुन्या पासवर्डाने बंद आहे. तुम्ही स्वतः नेहमीच्या पद्धतीने, जुना टाकून, पासवर्ड बदलला असतात तर विंडोजने किल्ली पण नव्या पासवर्डाखाली हलवली असती. त्या मुलाने बाहेरून पासवर्ड पुसला, त्यामुळे विंडोजला बदल कळलाच नाही. म्हणजे तुम्हाला जुना पासवर्ड आठवला आणि तोच परत लावला, हुबेहूब, कॅपिटल-स्मॉलसकट, आणि साइन आउट करून परत आत आलात, तर फायली उघडण्याची चांगली शक्यता आहे. माझ्या मेव्हण्याच्या मशीनवर हे चाललंय, मी शेजारी बसून बघितलंय. पण हे साध्या लोकल अकाउंटचं बोलतोय, ईमेलने लॉगिन होत असेल तर प्रकरण वेगळं, त्यात मी पडत नाही.

खात्री कशी करायची? त्यातल्या एका फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड. 'एन्क्रिप्ट' वर टिक दिसली तर माझं म्हणणं बरोबर. शेजारी डिटेल्स बटण असतं, त्यात कुठल्या युजरच्या सर्टिफिकेटने फाइल उघडते ते नाव येतं, त्याचा फोटो काढून ठेवा. टिक काढायचा प्रयत्न आत्ता करू नका, होणार नाही आणि उगाच घाबराल. विंडोज होम असेल तर ती ओळ करडी दिसते, मग ईएफएस नाही आणि माझं वरचं सगळं पुराण तुमच्या कामाचं नाही, सॉरी.

टिक असेल तर कशालाही हात लावायच्या आधी बाहेरची हार्ड डिस्क आणा आणि अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, घ्या, नुसतं कॉपी-पेस्ट नाही. हे स्वतःला जमत नसेल तर पैसे देऊन करून घ्या, पण समोर बसून. दुकानदाराला सांगताना 'फॉरमॅट' हा शब्दच तोंडातून काढू नका, तेवढाच ऐकू येतो त्यांना.

फायली उघडल्या की पहिलं काम टिक काढून टाकणे. दुसरं, टिक ठेवायचीच हौस असेल तर स्टार्टमध्ये 'सर्टिफिकेट' शोधून युजर सर्टिफिकेट्स उघडा, पर्सनलमध्ये ईएफएसचं सर्टिफिकेट असेल ते प्रायव्हेट कीसकट एक्स्पोर्ट करा, पीएफएक्स फाइल तयार होते, तीच किल्लीची प्रत, ती दोन ठिकाणी ठेवा. पण माझं स्पष्ट मत विचाराल तर घरच्या कॉम्प्युटरवर ही टिक करूच नये. पोरं त्रास देतात तर त्यांना वेगळं युजर अकाउंट काढून द्या, दोन मिनिटांचं काम आहे. ऑफिसात ठीक आहे, तिथं किल्ल्या सांभाळायला माणूस असतो. कुणी म्हणेल मग लॅपटॉप चोरीला गेला तर? बरोबर आहे, त्यासाठी बिटलॉकर आहे, विंडोजचंच, अख्ख्या डिस्कला कुलूप लावणारं, पण त्याची 48 आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून कपाटात ठेवा, कारण हल्ली नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की ते आपोआप चालू होतं, लोकांना पत्ताच नसतो, आणि एक दिवस बायोस अपडेट झाल्यावर निळा स्क्रीन येऊन की मागतो.

लॉक म्हणजे दर वेळी ईएफएसच असं नाही हं, नाहीतर उद्या कुणीतरी माझं हे वाचून साध्या गोष्टीला घाबरेल. 'दुसरा कुणीतरी एडिट करतोय' असं येऊन त्यात आपलंच नाव दिसत असेल तर वर्ड अर्ध्यातच बंद पडलेलं असतं, टास्क मॅनेजरमधून वर्ड पूर्ण बंद करा, मग त्याच फोल्डरात नागमोडी रेघ आणि डॉलरच्या खुणेने सुरू होणारी लपलेली छोटी फाइल राहिलेली असते ती उडवा. मूळ फाइल उडवू नका, एकाने तेही केलंय. मेलमधून किंवा व्हॉट्सॲपवरून आलेली फाइल असेल तर प्रॉपर्टीजमध्ये खाली 'अनब्लॉक' असतं. ऑफिसचं लायसन्स संपलं तरी टाइप होत नाही आणि माणूस समजतो फाइल लॉक झाली, तशी फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडून बघा, फुकट आहे. आणि जुन्या मशीनची डिस्क नव्याला लावल्यावर येतं ते मात्र खरोखर परमिशनचं, तिथं सिक्युरिटी टॅबमध्ये ओनर बदलला की काम होतं. माझ्या त्या पोराला एवढंच येत होतं.

एक प्रकार मात्र वेगळा. फायलींच्या नावाला मागे विचित्र शेपूट लागलंय आणि प्रत्येक फोल्डरात पैसे मागणारी टेक्स्ट फाइल पडलीय, तर ते रॅन्समवेअर. नेट तोडा, बाहेरच्या डिस्का काढा, पैसे देऊ नका, 1930 या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. 'नो मोअर रॅन्सम' म्हणून साइट आहे, 2016 मध्ये डच पोलीस, युरोपोल वगैरेंनी सुरू केलेली, तिथं काही प्रकारांच्या किल्ल्या फुकट मिळतात, सगळ्यांच्या नाही. आमच्या धंद्यात क्रॅक केलेलं कोरल न् फोटोशॉप वापरणारे बरेच आहेत, नावं घेत नाही, पण हे बहुतेकदा तिथूनच येतं. तुमचं हे दिसत नाही, कारण तुमची नावं तीच आहेत आणि बाकीचं सगळं उघडतंय.

तर तुमचं खरं काम आता टेक्निकल नाहीच, पासवर्ड आठवायचं आहे. आठवून बघू नका नुसतं, शोधा. कॅलेंडरच्या मागे, मुलांच्या वह्यांत, वायफायच्या डब्यावर, ज्याने मशीन बसवलं त्याला विचारा, मोबाइलचा जुना पासवर्ड तोच ठेवला होता का बघा. टाइप करून बघताना कॅप्स लॉक चालू होता का तेही धरा. मेव्हण्याचा आम्हाला गॅसच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर सापडला, मोठ्या मुलीचं नाव आणि स्कूटरचा नंबर, आणि ते पान त्याच्या बायकोने दूधवाल्याच्या हिशोबाला वापरलं होतं.

सासूबाई आहेत ना अजून? असतील तर हे चाललंय तोवर रोज दोन-चार ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या, फायली मिळोत न मिळोत. आणि डिटेल्सचा तो फोटो इथं टाका, बघून सांगतो. तोपर्यंत मशीनला कुणाला बसू देऊ नका, ओळखीच्या मुलाला तर अजिबात नको.