छोटा ई-रीडर घेण्याआधी

प्रिय मित्रा,

तळहाताएवढा ई-इंक रीडर, म्हणजे कागदासारखा दिसणारा पडदा असलेलं पुस्तकं वाचायचं यंत्र, घ्यावा की नको, असं तू विचारलंस आणि सोबत पाच यंत्रांचा तक्ताही पाठवलास. तक्ता मी नीट पाहिला. त्यात बॅटरी आहे, वजन आहे, मेमरी आहे. तू काय वाचणार आहेस ते मात्र कुठेच नाही. मला बोलायचंय ते त्याबद्दलच.

गेल्या महिन्याभरात तू जे वाचलंस त्याची यादी कर. वाचायचं ठरवलेलं त्यात धरू नकोस, खरोखर वाचलेलं तेवढंच लिही. प्रत्येकापुढे ते छापील होतं, पीडीएफ होतं, ईपब (पडद्याच्या मापाप्रमाणे ओळी जुळवून घेणारी ई-पुस्तकाची फाइल) होतं की फोनवरचं वेबपान, तेही लिही. यादीत कथा, कादंबऱ्या, चरित्रं असा सलग वाहणारा मजकूर जास्त निघाला, तर छोटा रीडर तुझ्या कामाचा आहे. पीडीएफ जास्त निघाल्या तर तो घेऊ नकोस, असं मी आत्ताच सांगून ठेवतो.

हे मी स्वतः पैसे घालवून शिकलो. माझा पहिला सहा इंची रीडर मी अभ्यासाच्या पीडीएफ वाचायला घेतला आणि तो चार महिने खणात पडून राहिला. हिशेब सोपा होता, मी तो केला नव्हता. सहा इंच हा पडद्याचा कर्ण. रुंदी जेमतेम 9 सेंटिमीटर. ए-फोर कागद 21 सेंटिमीटर रुंद असतो. ते पान त्या पडद्यावर पूर्ण बसवलं की 12 पॉइंटचं अक्षर 5 पॉइंटएवढं होतं. मोठं करून वाचायचं तर पान सारखं डावीउजवीकडे सरकवावं लागतं, आणि ई-इंक नेमकी तिथेच अडते.

का अडते ते समजून घे, म्हणजे पुढचं बरंच आपोआप कळेल. या पडद्यात अतिशय बारीक कुप्या असतात. त्यांतल्या द्रवात काळे आणि पांढरे कण तरंगतात. एकावर धन विद्युतभार, दुसऱ्यावर ऋण. वीज दिली की एक रंग वर येतो, दुसरा तळाला जातो. कणांना खरोखरच हलावं लागतं, म्हणून चित्र बदलायला वेळ लागतो, कधी मागच्या पानाची पुसट सावलीही उरते. पण एकदा जागेवर बसले की ते विजेशिवाय तसेच राहतात, म्हणून बॅटरी इतकी पुरते. पान उलटायला हा पडदा उत्तम, सरकवायला त्रासाचा.

पीडीएफचं ईपब करून घेईन, असं तू म्हणशील. कॅलिबर नावाचं मोफत सॉफ्टवेअर ते करतं आणि साध्या इंग्रजी मजकुराचं बऱ्यापैकी जमतंही. मराठीत घोळ होतो. जुन्या पुस्तकांच्या स्कॅनमध्ये बहुधा अक्षरं नसतातच, पानाचा नुसता फोटो असतो. आणि युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणारी अक्षरांची समान सांकेतिक पद्धत, येण्याआधीच्या फाँटमध्ये टाइप केलेली पीडीएफ असेल, तर रूपांतर केल्यावर मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा खच हाती येतो. अशी पुस्तकं मोठ्या पडद्यावरच वाचावीत.

आता आकार. तुझ्या तक्त्यातला सगळ्यात लहान पडदा 4.3 इंची आहे, म्हणजे रुंदी साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास. बेताच्या आकाराच्या अक्षरात तिथे एका ओळीत मराठीचे चार-पाच शब्द मावतील. शिवाय देवनागरीला वर मात्रा, वेलांट्या, रफार लागतात, खाली उकार लागतात, त्यामुळे ओळींमध्ये जागा जास्त सोडावी लागते आणि पानावर ओळीही कमी बसतात. इंग्रजी पानाचा फोटो पाहून भुलू नकोस. यंत्र हातात घेऊन त्यावर ‘तऱ्हा’, ‘वाङ्मय’, ‘कर्तृत्व’ हे तीन शब्द उघडून बघ. जोडाक्षर फुटलं, पायमोडका हलन्त वेगळा दिसला, तर ते यंत्र मराठीसाठी नाही. सगळ्या छोट्या यंत्रांना हे जमतंच असं नाही. इंचाला 300 ठिपके असलेला पडदा बारीक उकारांनाही न्याय देतो. इंचाला 212 ठिपके असले तर मला ते फिके वाटतात.

डोळ्यांसाठी घेतोय, असंही तू लिहिलंयस. कडक उन्हात हा पडदा कागदासारखा स्वच्छ दिसतो, ते सुख खरं आहे. पण तासन्तास जवळून वाचलं की पापण्या कमी लवतात, मग समोर कुठलाही पडदा असो. तेवढ्यासाठी खर्च करायला मी सांगणार नाही.

बॅटरी ‘सहा आठवडे’ चालते असं लिहितात तेव्हा रोज अर्धा तास वाचन आणि वायरलेस बंद, असं गृहीत धरलेलं असतं. म्हणजे वाचनाचे 21 तास. तेही पुष्कळच आहेत. मेमरीचा रकाना सोडून दे, कादंबऱ्यांना एवढी कधीच लागत नाही.

पुस्तकं कुठून घेणार, हे मात्र आधी ठरव. 2009 च्या जुलैमध्ये अ‍ॅमेझॉनने विकलेली काही पुस्तकं वाचकांच्या किंडलमधून, म्हणजे त्यांच्याच रीडरमधून, परस्पर काढून घेतली होती. ती तिथे विक्रीला ठेवणाऱ्या कंपनीकडे त्यांचे हक्क नव्हते, पैसेही परत दिले, तरी वाचकाच्या हातातलं पुस्तक गेलं ते गेलंच. 2025 च्या फेब्रुवारीत त्यांनी विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून केबलने रीडरमध्ये घालायची सोयही बंद केली. कुलूप नसलेलं, म्हणजे एकाच कंपनीच्या यंत्राला न बांधलेलं, ईपब मिळत असेल तिथे तेच घे. यंत्र बदललं तरी ते तुझ्याकडेच राहील.

आता एक काम. पंधरा दिवस फोन विमान मोडवर ठेवून, अक्षर मोठं करून, एकच कादंबरी वाच. रांगेत, प्रवासात, झोपण्याआधी, जिथे रीडर काढशील असं तुला वाटतं तिथेच. फोन हाती घेऊनही पुस्तक उघडलं गेलं नाही, तर नवं यंत्रही उघडलं जाणार नाही. वाचनाची सवय लागेल म्हणून रीडर घेतलेले बरेच जण मी पाहिलेत. ती सवय त्यांना यंत्राने लावली नाही. पण तू वाचत राहिलास आणि चकाकणारा पडदा, मधूनच मेसेज बघायची हुक्की यांनी वैतागलास, तर नि:शंक घे. माझा खणातला रीडर असाच बाहेर आला. एकदा बराच वेळ वाट बघत बसावं लागलं, तेव्हा त्यावर कादंबरी टाकली आणि पीडीएफचा नाद सोडला. आज तो रोज माझ्या खिशात असतो.

घेशील तेव्हा कडक कव्हर बरोबरच घे. बहुतेक पडद्यांच्या आत काच असते. माझा दुसरा रीडर पिशवीत दाबला जाऊन गेला. बाहेरून ओरखडा नाही आणि आत अर्ध्या पानावर गोठलेल्या रेघा.

यादी आणि पंधरा दिवसांचा अनुभव कळव, मग कोणता घ्यायचा ते बोलू. तक्त्यातले दिवा नसलेले दोन मात्र आजच खोड. ई-इंकला स्वतःचा उजेड नसतो, आणि तुझी पत्रं मला नेहमी मध्यरात्रीनंतर लिहिलेली मिळतात.

सप्रेम.